इंजिनाची श्वासनलिका

मोटारसायकल पेट्रोलवर चालते असे आपण मुलांना सांगतो, आणि ते चूक नाही. पण हिशेब मांडून पाहिला तर आकडे गमतीचे येतात. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे त्याला जवळजवळ अकरा किलो हवा हवी. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. भागाकार केला की उत्तर येते नऊ घनमीटर, म्हणजे ९,००० लिटर. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी कोठीची खोली डोळ्यांपुढे आणा. एक लिटर पेट्रोल जाळताना गाडी ती अख्खी खोली ओढून घेते. पंपावर पेट्रोल भरताना आपण मापाकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो; ही नऊ हजार लिटर हवा कोणत्या वाटेने आत जाते, हे मात्र कोणी विचारत नाही.

ती वाट जुन्या मोटारसायकलींमध्ये बहुधा रबराच्या एकदोन तुकड्यांमधून जाते. गाडीच्या किमतीच्या मानाने हे तुकडे क्षुल्लक असतात. पण ते कडक झाले, चिरले किंवा वाकडे बसले, तर चांगले चाललेले इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते, आणि कधी कधी स्वारही रस्त्यावर पडतो. या तुकड्यांच्या निमित्ताने दाब, प्रवाह, उष्णतेने होणारे प्रसरण आणि रबराचे रसायन असे शालेय विज्ञानातले बरेच काही एका जागी भेटते. म्हणून हा लेख.

उदाहरणादाखल आम्ही राजदूत ३५० ही गाडी घेतली आहे. ('बॉबी' चित्रपटात दिसते ती छोटी राजदूत वेगळी.) यामाहा कंपनीची आरडी ३५० जपानमध्ये १९७३ साली आली. तिचीच भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून फरिदाबादला बनवायला घेतली आणि काही वर्षांतच ती बंदही झाली. पेट्रोल फार पिते, ही त्या काळी तिच्याविषयीची मुख्य तक्रार होती. आज या गाड्या हौशी लोक जिवापाड जपतात. आमच्या दृष्टीने तिचे वैशिष्ट्य असे, की तिला दोन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. एकच श्वास दोघांनी सारखा वाटून घ्यायचा असल्यामुळे रबराचे महत्त्व तिच्यात लगेच उघड होते.

हवेचा मार्ग असा. सीटखाली एअरबॉक्स नावाचा डबा असतो, त्यात हवा गाळणारा फिल्टर. डब्यातून इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे रबर निघते. त्याचे एक तोंड डब्याला आणि दोन फाटे दोन कार्ब्युरेटरांना. कार्ब्युरेटरच्या पुढच्या बाजूला आणखी एकेक आखूड रबरी नळी, ती इंजिनाला जोडलेली. तिच्यापुढे पातळ पाकळ्यांची झडप, आणि मग मिश्रण पिस्टनखालच्या क्रॅंककेसमध्ये शिरते. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी खाली, क्रॅंककेसमध्ये येते आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते, हे लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

पत्र्याची पक्की नळी न लावता रबर का लावतात? एक तर इंजिन थरथरते. ती थरथर कार्ब्युरेटरला पोचली तर त्याच्या वाटीतल्या पेट्रोलला फेस येतो आणि मोजमाप बिघडते. दुसरे म्हणजे सिलिंडर तापतो. ती उष्णता धातूतून थेट कार्ब्युरेटरमध्ये आली तर पेट्रोल तिथेच उकळू लागेल. रबर थरथर शोषते आणि उष्णता अडवते. शिवाय दोन धातूंची तोंडे केसभर इकडेतिकडे असली तरी रबर ते सांभाळून घेते.

शहाळ्याची नळी

कार्ब्युरेटरचे तत्त्व पुस्तकात असते, पण त्यातले दाब किती लहान असतात हे पुस्तक सांगत नाही. आपण काढून पाहू.

राजदूतच्या एका सिलिंडरचा व्यास ६४ मि.मी. आणि पिस्टनची चाल ५४ मि.मी. आहे. त्यावरून एका सिलिंडरचे आकारमान सुमारे १७४ घनसेंटिमीटर येते. (मुलांना हे गणित जरूर द्यावे. दोन्ही सिलिंडर मिळून ३४७ घ.सें.मी.; नावातले ३५० तिथून आले.) इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला शंभर. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला एक घोट घेते. पूर्ण भरला असे मानले तर सेकंदाला १७.४ लिटर हवा एका कार्ब्युरेटरमधून जाते. कार्ब्युरेटरच्या घशाचा व्यास २८ मि.मी. धरला तर त्याचे क्षेत्रफळ सव्वासहा चौ.सें.मी.च्या जरा आत भरते. भागाकार केल्यावर हवेचा सरासरी वेग येतो सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर! प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही आणि हवा धक्क्याधक्क्याने जाते. पण अंदाजाला हा आकडा चालेल.

आता बर्नूलीचा नियम वापरू. हवेचा वेग वाढला की तिचा दाब कमी होतो. घट किती, तर घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते ४८० पास्कलच्या आसपास. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल असतो. त्याच्या मानाने ही घट अर्धा टक्कादेखील नाही. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोलची छोटी वाटी असते, तिच्यावर वातावरणाचा दाब असतो, आणि घशात एवढ्याशा फरकाने दाब कमी असतो. तेवढ्या फरकावर पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर चढते आणि हवेत मिसळते. इंजिनाचा सगळा जोम या पाच सेंटिमीटरांवर उभा आहे. म्हणून वाटेतली छोटीशी चीरही चालत नाही.

चीर कार्ब्युरेटरच्या पुढे आहे की मागे, यावर परिणाम ठरतो, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

पुढच्या बाजूची, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधली चीर समजायला सोपी आहे. शहाळ्याच्या नळीला वरच्या बाजूस टाचणीने भोक पाडा आणि पाणी ओढा. तोंडात पाण्याबरोबर हवा येते, पाणी कमी येते. इंजिनाचेही तसेच. चिरेतून आलेली हवा कार्ब्युरेटरमधून गेलेलीच नसते, त्यामुळे तिच्या वाट्याचे पेट्रोल कोणी मोजलेले नसते. मिश्रण पातळ होते. गाडी उभी असताना इंजिनाची ओढ चांगली असते आणि लागणारी हवा थोडी असते, म्हणून चिरेचा वाटा तेव्हा सगळ्यांत मोठा. मेस्त्री म्हणतात, "गाडी हवा घेते." रेस सोडली तरी फेऱ्या खाली येत नाहीत, कधी आपोआप वाढतात, कधी गाडी एकदम बंद पडते. स्क्रू फिरवून सेटिंग करायला जावे तर आज जमते, उद्या बिघडते.

मागच्या बाजूची, डबा आणि कार्ब्युरेटर यांच्यामधली चीर जास्त फसवी असते. तिथून आलेली हवा कार्ब्युरेटरमधूनच जाते, मग काय बिघडले, असे कोणी म्हणेल. दोन गोष्टी बिघडतात. पहिली, ती हवा गाळलेली नसते. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात आणि ते लोखंडाला ओरखडे काढण्याइतके कठीण असतात. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रॅंककेसमधून जाते, हे वर आलेच आहे. म्हणजे धूळ नुसत्या सिलिंडरला लागत नाही, क्रॅंकच्या बेअरिंगांनाही आंघोळ घालून जाते. दुसरी गोष्ट दाबाची. फिल्टरमधून हवा ओढताना थोडा अडथळा होतो आणि डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा जरा कमी राहतो. ही घट घशातल्या घटीत मिळते आणि पेट्रोल ओढायला मदत करते. जेटचे भोक कारखान्यात हे सगळे धरूनच ठरवलेले असते. समजा दोन्ही मिळून सहा सेंटिमीटर पाण्याइतकी घट अपेक्षित होती आणि डब्याला बगल मिळाल्याने ती पाचच राहिली. भोकातून जाणारा प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाचभागिले सहाचे वर्गमूळ ०.९१, म्हणजे पेट्रोल नऊ टक्के कमी. जुन्या गाडीचा डबा काढून टाकून कार्ब्युरेटरला थेट शंकूसारखे फिल्टर लावण्याची एक फॅशन आहे. आवाज भारदस्त येतो खरा, पण जेट न बदलता हा उद्योग करणे म्हणजे मुद्दाम चीर पाडणेच होय.

पातळ मिश्रणाने एवढे काय होते? पेट्रोलचे बाष्प होताना ते उष्णता घेते आणि आतला भाग थंड ठेवते. पेट्रोल थोडे कमी पडले की हे थंड करणे कमी होते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि पिस्टन तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर तो ज्यात सरकतो ते अस्तर बिडाचे. मिश्रधातू एक अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश वीसेक भाग वाढतो, बीड अकरा भाग. फरक नऊ भाग. दोन्ही शंभर अंशांनी जास्त तापले असे धरले तरी ६४ मि.मी. व्यासाला ०.०५८ मि.मी.चा फरक पडतो. दोघांमध्ये ठेवलेली फट असते काही शतांश मिलिमीटर. हिशेब तिथेच संपतो. शिवाय पिस्टन अस्तरापेक्षा जास्त तापतो, म्हणजे प्रत्यक्ष स्थिती याहून वाईट. तेलाचा थर फाटतो, धातू धातूला घासतो आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरला जातो. यालाच इंजिन सीझ होणे म्हणतात. राजदूतला तेल वेगळ्या पंपाने मिळते, त्यामुळे निदान तेलाचे प्रमाण पेट्रोलबरोबर घटत नाही. जुन्या स्कूटरींसारखे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, असा दुहेरी मार बसतो.

इंजिन अडकले की साखळीने जोडलेले मागचे चाकही अडकते. ताशी ऐंशीच्या वेगात असे झाले तर गाडी सरळ राहण्याची खात्री देता येत नाही. जुने टू-स्ट्रोकवाले डाव्या हाताची दोन बोटे कायम क्लचवर ठेवतात, ते उगीच नाही. इंजिनाचा आवाज बदलून गाडी आखडल्यासारखी वाटली की क्षणाचाही विचार न करता क्लच दाबायचा, म्हणजे चाक मोकळे होते.

रबर म्हातारे का होते

झाडाच्या चिकातून मिळणारे कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली गंधक मिसळून तापवल्यास हा दोष जातो असे आढळले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅंकॉक यांनीही हीच प्रक्रिया सिद्ध केली. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. शेवयांसारख्या त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण सुट्या. गंधक त्यांना जागोजागी आडवे टाके घालते. टाके मोजके असले की रबर ताणते आणि सोडल्यावर मूळ आकारात परत येते. टाके फार झाले की ते काचकड्यासारखे कडक होते. पुढचे सगळे या एका वाक्यातून समजते.

नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते. दोन्ही हायड्रोकार्बनच, एका जातीचे; म्हणून पेट्रोलचे रेणू साखळ्यांच्या मध्ये आरामात शिरतात. यावर उपाय म्हणून नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर निघाले. त्याच्या साखळीत मधूनमधून ॲक्रिलोनायट्राइलचे, म्हणजे विद्युतदृष्ट्या ध्रुवीय असे, गट असतात. तेलाला पाण्याचे वावडे असावे तसे पेट्रोलला या गटांचे. पेट्रोलशी संबंध येणाऱ्या नळ्या, वायसर यांना हे रबर चालते. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबची पट्टी आणून चिरेवर गुंडाळण्याची युक्ती मात्र चार दिवसांची आहे. ट्यूबचे रबर नैसर्गिक असो वा ब्यूटिल, पेट्रोलशी त्याचे जमत नाही. ते फुगून सैल होते.

पण पेट्रोलला न भिणारे रबरही काळापुढे टिकत नाही. हवेतला ऑक्सिजन, विशेषतः इंजिनाच्या धगीत, साखळ्यांना नवेनवे टाके घालत राहतो. कारखान्यात रबर मऊ राहावे म्हणून घातलेली तेलासारखी द्रव्ये हळूहळू निघून जातात. पेट्रोलची वाफ ती धुऊन नेते. त्यामुळे रबर कडक होते आणि आकसतेही. आकसणे हे बसवताना सर्वांत जास्त छळते. नळी एकदोन मिलिमीटरने आखूड झाली की डब्याकडचे तोंड बसवावे तर कार्ब्युरेटरकडचे निसटते. तिसरा शत्रू ओझोन. जमिनीलगतच्या हवेत तो अत्यल्प असतो, पण साखळीतले दुहेरी बंध तो नेमके तोडतो. रबर ताणलेले असेल तर तुटलेली टोके दूर होतात आणि ताणाच्या दिशेला काटकोनात चिरा पडतात. क्लॅम्पच्या काठाशी, जिथे रबर ताणून बसलेले असते, तिथेच चिरा का दिसतात हे यावरून कळते. सायकलच्या जुन्या टायरच्या कुशीवर या चिरा वर्गातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेल्या असतात.

यात आता एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पासून आपल्याकडे पंपांवर सर्रास वीस टक्के एथनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एथनॉल ध्रुवीय आहे. नायट्राइल रबराची मात्रा होती ती ध्रुवीय नसलेल्या पेट्रोलवर. या मिश्रणात जुन्या काळचे नायट्राइल नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त फुगते. आणखी एक हिशेब मांडण्याजोगा आहे. एथनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असल्यामुळे एका ग्रॅमला नऊच ग्रॅम हवा पुरते. मिश्रण धरून सरासरी काढली तर १४.७ च्या जागी साडेतेरा येते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठनऊ टक्के जास्त हवे. कार्ब्युरेटरला हे कळण्याचा मार्ग नाही. तो जुन्याच मापाने इंधन देतो. एथनॉलचे बाष्प होताना जास्त उष्णता घेतली जाते ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पण पूर्वी जी बारीकशी चीर खपून जायची ती आता खपेलच असे नाही, कारण मिश्रण मुळातच पातळ बाजूला झुकलेले असते. अशा गाडीचे जेट एक घर मोठे करून पाहण्याविषयी जाणत्या मेस्त्रीशी बोलावे.

बसवणे

जुने रबर दुमडून पाहावे. दुमडल्यावर चिरा उघडत असतील किंवा ते लाकडासारखे वाटत असेल तर सरळ नवे घ्यावे. बाजारात हुबेहूब दिसणारी पण साध्या रबराची नक्कलही मिळते. नव्या तुकड्याच्या कडेला साच्याची जी पातळ पापडी राहिलेली असते, तिची कातरण झाकणाच्या बाटलीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवली की खरे-खोटे कळते. फार फुगली तर तो माल परत करावा.

मूळ रबर मिळतच नसेल तर हौशी लोक विंटरग्रीनच्या तेलात ते भिजवून मऊ करतात. हे तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट. पाठदुखीच्या मलमाचा जो ओळखीचा वास असतो, तो याचाच. ते रबरात शिरून निघून गेलेल्या तेलांची जागा घेते. रबर खरोखर मऊ होते, फुगल्यामुळे आकसलेपणही थोडे भरून निघते. पण ऑक्सिजनने घातलेले टाके याने उसवत नाहीत, आणि चीर तर मुळीच बुजत नाही. आमच्या मते हा उपाय रबर न फाडता काढण्या-घालण्यापुरता ठीक. शिवाय हे तेल पोटात गेल्यास विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि ते मुलांपासून लांब ठेवावे.

नवे रबरही बसवण्यापूर्वी गरम पाण्यात ठेवतात. उकळत्या पाण्याचे पातेले उतरवून त्यात पाचेक मिनिटे पुरे. इथे चौकस शिक्षकाला एक शंका येईल. ताणलेल्या रबराला उष्णता दिली तर ते आकसते, त्याचा ताण वाढतो, असे आपण प्रयोगात दाखवतो. मग गरम पाण्यात नळी मऊ कशी? दोन्ही खरे आहे. साखळ्या पूर्ण मोकळ्या असलेल्या आदर्श रबराचा कडकपणा निरपेक्ष तापमानाबरोबर वाढतो. पण ३०० केल्व्हिनवरून ३६० वर गेल्याने ही वाढ फार तर वीस टक्के. वापरातल्या रबरात काजळी भरलेली असते आणि साखळ्या तिला व एकमेकींना धरून बसलेल्या असतात. उष्णतेने ही पकड सुटते आणि त्यामुळे येणारा मऊपणा त्या वीस टक्क्यांहून खूप मोठा असतो. ज्योत मात्र कधीही दाखवू नये. आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते, आणि वाफ दिसत नाही.

क्रमाला महत्त्व आहे. जी बाजू हलत नाही ती आधी, जी हलते ती नंतर. इंजिन जागचे हलणार नाही. डबा हलू शकतो. म्हणून डब्याचे बोल्ट ढिले करून तो शक्य तितका मागे ढकलावा. 'वाय' रबराचे मोठे तोंड डब्यात आधीच बसवून घ्यावे. त्याच्या कडेला खाच असते. डब्याचा काठ त्या खाचेत सगळ्या बाजूंनी गेला पाहिजे. आत बोट फिरवून आणि बॅटरी मारून हे पाहावे. एका जागी जरी ओठ आत दुमडला तरी तिथे हवेची वाट अरुंद होते, किंवा बाहेरून धूळ शिरते. मग कार्ब्युरेटर पुढच्या रबरांत सरळ, न तिरके करता, तळाला टेकेपर्यंत दाबावेत. दोन्ही उभे आणि एकमेकांना समांतर असावेत. कार्ब्युरेटर कलला तर वाटीतली पेट्रोलची पातळीही कलते आणि त्या सिलिंडरचे माप वेगळे होते. शेवटी डबा पुढे आणून दोन्ही फाटे एकाच वेळी थोडेथोडे चढवावेत. एक पूर्ण चढवून दुसऱ्याच्या मागे लागले की पहिला निसटतो, आणि ही कसरत कितीही वेळ चालू शकते.

चढताना घसरण लागते. साबणाचे पाणी किंवा सिलिकोन ग्रीसचा पुसट हात पुरतो. साधे ग्रीस वापरू नये. जोड कायमचा निसरडा राहतो. अडले म्हणून स्क्रूड्रायव्हरने ओठ ढकलायचा मोह होतो. त्याने रबराची कड कापली जाते आणि नव्या रबराला पहिल्याच दिवशी चीर पडते. चमच्याचा गुळगुळीत दांडा त्यापेक्षा बरा.

क्लॅम्पविषयी एक समज फार पसरलेला आहे, तो असा की जितका घट्ट तितका चांगला. हवा अडवण्याचे काम रबराच्या मऊपणाने होते. क्लॅम्पने फक्त ते जागेवर धरून ठेवायचे. फार आवळला तर रबर क्लॅम्पखाली चेपते आणि कडेला फुगून वर येते. तिथेच आत फट पडते. क्लॅम्प रबरावरच्या खाचेत, काठापासून आत बसवावा आणि रबर हाताने फिरत नाही एवढाच आवळावा. स्क्रूचे तोंड पुढे पोचता येईल असे ठेवावे. हे सांगायला नको, पण टाकी बसवल्यावर आठवते.

तपासणी

जोड हवा घेतो का हे पाहायला काही मेस्त्री त्यावर पेट्रोल शिंपडतात. फेऱ्या वाढल्या की चीर सापडली. पद्धत अचूक आहे आणि तापलेल्या इंजिनावर ती आगीला आमंत्रण देते. उदबत्तीचा धूर जोडाजवळ धरून तो कुठे ओढला जातो ते पाहावे, असाही सल्ला मिळतो. कल्पना छान, पण पेट्रोलजवळ निखारा नको. इंजिन रेस सोडून चालू ठेवावे आणि पुढच्या जोडांवर ब्रशने साबणाचे पाणी लावावे. पाण्याने चीर क्षणभर बुजते आणि फेऱ्या बदलतात, तेवढे पुरते. मागच्या बाजूचा दोष असा सापडत नाही. त्यासाठी काही दिवसांनी फाटा उतरवून कार्ब्युरेटरच्या तोंडात पांढरे फडके फिरवावे. फिल्टरच्या पुढे धूळ असायचे कारणच नाही. फडके मळले तर रबर नीट बसलेले नाही. वीसेक किलोमीटर चालवून दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. दोन्ही बदामी रंगाचे असले तर ठीक. एक पांढरट आणि एक बदामी असेल, तर पांढरट बाजूला हवा कुठून तरी येते आहे.

वर्गात यातले बरेच काही पेट्रोलशिवाय दाखवता येते. पेट्रोल शाळेत आणूच नये. सरबताच्या दोन नळ्या घ्याव्यात, एकीला वर टाचणीने भोक पाडावे आणि दोन सारख्या पेल्यांतले पाणी मोजून दहा घोटांत किती कमी होते ते लिहावे. मग भोक दोन केले तर, खाली पाडले तर, असे प्रश्न मुले स्वतःच काढतात. भोक पाण्याच्या पातळीखाली असेल तर काय होईल, हा त्यातला सर्वांत चांगला. फुगण्यासाठी रबरबॅंडचे तुकडे झाकणाच्या बाटलीत थोड्या रॉकेलमध्ये ठेवावेत. हे काम शिक्षकांनी करावे, मुलांनी रोज लांबी मोजून आलेख काढावा. ओझोनच्या चिरांसाठी एक रबरबॅंड पुठ्ठ्यावर ताणून आणि एक सैल, असे दोन्ही खिडकीबाहेर सावलीत ठेवावेत. उन्हाळ्यात काही आठवड्यांत ताणलेल्यावर भिंगाने पाहण्याजोगे काही तरी दिसू लागते. पावसाळ्यात सुरू केलेला प्रयोग फार लांबतो.

जास्तीचे रबर घेऊन ठेवायचे असेल तर ते ताण न देता, आत कागदाची गुंडाळी घालून, काळ्या पिशवीत बंद करून ठेवावे. गॅरेजमध्ये विजेची मोटर किंवा वेल्डिंगचे यंत्र असते त्या कपाटात मात्र ठेवू नये. त्यांच्या ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो, आणि न वापरलेले रबर कपाटातल्या कपाटातच चिरते.